उघड्या गाडीचं मोल

अप्पा ज्या घरी गाडीचं मोल करायला जात, त्या घरचं पाणीसुद्धा मोल सांगून होईपर्यंत घेत नसत. उन्हातून आलेल्या माणसासमोर कुणीतरी तांब्याभांडं आणून ठेवायचं आणि अप्पा हात जोडून म्हणायचे, "सांगून झालं की घेतो." मग गाडीभोवती तास-दीड तास फिरणं, वाकणं, ठोकून बघणं. शेवटी एक आकडा. विकणारा आणि घेणारा दोघंही समोर उभे असताना, मोठ्यांदा, एकदाच. त्यावर घासाघीस नाही. पटलं तर व्यवहार, नाही पटलं तर नमस्कार. आणि मग मात्र चहा, तोही बशीत ओतून, अगदी निवांत. हे सगळं होईपर्यंत मी त्यांची कापडी पिशवी धरून मागे उभी असायची आणि माझा घसा कोरडा पडलेला असायचा. तो उन्हाने पडायचा की भीतीने, हे मला तेव्हा कधी कळलं नाही. आता कळतं. भीतीनेच.

अप्पांचा मूळ धंदा मोल करण्याचा नव्हता. वारज्यात त्यांची पत्र्याची शेड होती, तिथे गाड्यांच्या सीटा, कव्हरं आणि जीपची कापडी छपरं शिवली जायची. या छपराला आमच्या धंद्यात हूड म्हणतात. गाड्यांचे पोटातले रोग कुशनवाल्याला आधी दिसतात. सीट काढली की खालचा गंज दिसतो, गालिचा उचलला की पाणी कुठून येतं ते दिसतं. त्यामुळे लोक गाडी घेण्याआधी अप्पांना विचारू लागले आणि हळूहळू त्यांचा शब्द चालू लागला. त्यांचा आणखी एक नियम होता. ज्या गाडीला आपल्या शेडचा हात लागला, तिचं मोल आपण करायचं नाही. शेजारच्याच्या गाडीलाही त्यांनी नकार दिलेला मी पाहिलाय. कारण काय, तर दोन वर्षांपूर्वी तिची मागची सीट आम्ही शिवली होती.

मी गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली. म्हणजे मी सोडली असं नाही, घरात बाबा राहिले नाहीत आणि शाळाही राहिली नाही. गावातल्या एका बाईबरोबर पुण्याला एका पॅकिंगच्या कारखान्यात आले आणि पाच महिन्यांत तो कारखानाच बंद पडला. ती बाई परत गेली. मी का गेले नाही, हे आजही मला नीट सांगता येत नाही. परत जाऊन आईच्या ताटातला भात खायचा, या विचाराचीच भीती वाटली असावी. शेडच्या दारात उभं राहून मी म्हटलं होतं, "मले शिवता येते." अप्पांनी रेक्झिनचे दोन तुकडे पुढे टाकले. मी मशीनवर बसले, पायाखाली ती मोठी मशीन अशी धडधडली की मला वाटलं आता सुटून पळते. शिवण सरळ आली. माईंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोने, मागच्या घरातून हाक मारली, "आधी जेवू दे तिला. मग काय ते ठरवा."

ठरवलं कुणीच काही नाही. मी राहिलेच. शेडच्या वर एक पोटमाळा होता, तिथे माझी वळकटी. खाली सकाळी माईंचा रेडिओ लागायचा, त्यामागे हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज, आणि नऊला मशीन सुरू झाली की बाकी सगळे आवाज बुडून जायचे. माई आमटीत गूळ घालायच्या. पहिल्या दिवशी पहिला घास घेतला आणि मला वाटलं चुकून खीर वाढलीय. आमच्याकडची लाखोळीची डाळ, लसणाची फोडणी, वर तिखटाचा तवंग. ती आठवून पोटमाळ्यावर मी रडले होते, पण माईंना कधी सांगितलं नाही. त्या विचारायच्या, "आवडली का गं आमटी?" मी म्हणायची, "हो माई, छान आहे." दुसरी पोळी मागायची मला भीती वाटायची. कुणी मारत नव्हतं, कुणी रागवत नव्हतं. पण ज्याला कुणी हाकललेलं नाही, त्यालाही हाकललं जाण्याची भीती असते. प्रत्येक पोळी मी उपकार म्हणून चावायची. माईंना ते दिसत असावं. एक दिवस त्या म्हणाल्या, "चंदे, पोळी आहे ती. दागिना नाही, जपून खायला."

अप्पांना दिसत नाही, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. ते सुईत दोरा ओवत होते आणि सुईच्या शेजारच्या हवेत ओवत होते. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. सरळ समोरचं थोडं धुरकट दिसायचं, बाजूचं काहीच नाही. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: अप्पा, माई आणि मी. शेडमध्ये हाताच्या सवयीवर भागायचं. पण मोल करायला डोळे लागतात. तेव्हापासून मी पिशवी धरून बरोबर जाऊ लागले आणि आमच्यात एक खूण ठरली. गाडीच्या ज्या भागाशी मला काही खटकेल, तिथे मी त्यांच्या हातात लोहचुंबक द्यायचं. ते फडक्यात गुंडाळलेलं असायचं. पत्र्याला धरलं की चिकटतं, खड्डा बुजवायला आत लांबी, म्हणजे पुटी, भरलेली असली तर घसरतं. जिथे सगळं ठीक, तिथे टॉर्च. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा मागतो ते पोरगी देते. मागत कुणीच नव्हतं. आणि दर वेळी मला वाटायचं, आज कुणीतरी म्हणेल, अहो, हे तर तुमच्याकडे बघतच नाहीयेत.

सध्या मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला की किंमत येते. माझ्या भाचीने मला ते दाखवलं. मी विचारलं, ह्याला दाराचा आवाज ऐकू येतो का? ती हसली. मी चेष्टा करत नव्हते.

तर आमची खूण ठरून तीन वर्षं झाली होती, तेव्हा कोथरूडमधून निरोप आला. एका सोसायटीत एक परदेशी गाडी होती, दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडून उघडी करता येणारी. गडद हिरवा रंग आणि वर तांबूस हूड. तशा दोनशेच गाड्या बनल्या होत्या आणि ही त्यातली सदतिसावी, असं स्टिअरिंगपुढच्या फळीवर पितळी पट्टीत कोरलेलं. गाडीचे मालक काका सत्तरीचे. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना तिसऱ्या मजल्यावरून खाली येता येत नव्हतं. गाडी विकायला काढली होती त्यांच्या बायकोने. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि सगळे त्यांना बाई म्हणत. घेणारे होते एक दातांचे डॉक्टर, तरुण, त्यांच्या पांढऱ्या शर्टाला एक सुरकुती नव्हती.

"दोन वर्षं नुसती पुसतेय मी ही," बाई म्हणाल्या. "नवऱ्याला एवढं पुसलं असतं तर तोही चमकला असता."

वरच्या गॅलरीतून आवाज आला, "ऐकू येतंय हं मला!"

"यावं म्हणूनच बोलतेय!"

अप्पांनी हात जोडले, पाणी बाजूला ठेवायला सांगितलं आणि आम्ही सुरू केलं. अशा गाडीला बाजारभाव नसतो, कारण बाजारात दुसरी नसते. अप्पा म्हणायचे, दुसरी नसेल तेव्हा गाडीलाच विचारावं. तिच्यातलं काय परत मिळणार नाही, ते आधी शोधावं. हूड वर चढवून लावलेला होता. त्यांनी दार उघडून लावलं. जड, एकाच दमातला आवाज. मी टॉर्च दिला. बॉनेटचे स्क्रू, माथ्यावर ओरखडा नाही, म्हणजे कुणी उघडलेले नाहीत. टॉर्च. काचांवरची बारीक खूण सगळीकडे एकच, म्हणजे एकही काच बदललेली नाही. टॉर्च. डाव्या मागच्या चाकावरच्या पत्र्याचा रंग जरा जाड वाटला. चुंबक, थोडं घसरलं. अप्पा म्हणाले, "इथं छोटा पोचा काढलाय."

"रिव्हर्स घेताना," बाई वर बघत म्हणाल्या. "खांब मधे आला म्हणे. खांब!"

गालिच्याखाली वास घेतला, कोरडा. डॉक्टरांचा चेहरा फुलत चालला होता. ते मला म्हणाले, "लिमिटेड एडिशनची खरी किंमत ओरिजिनलमध्ये असते. एकदा का काही बदललं, की गेली." वरून काका ओरडले, "सगळं ओरिजिनल आहे! चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हा मी स्वतः तपासून घेतली!"

मग मी हूडच्या मागच्या कोपऱ्याशी आले आणि आतली शिवण बघून थांबले.

आमच्याकडे गोधडी शिवताना आई शेवटी चारही कोपऱ्यांवर कापड दुमडून एक छोटा त्रिकोण लावायची. धुताना पिळा कोपऱ्यावर येतो आणि तिथेच गोधडी आधी फाटते, म्हणून. कारखान्यात शिवलेल्या हूडला असला त्रिकोण नसतो. ह्या हूडच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, तांबूस कापडाचा बोटाच्या पेराएवढा त्रिकोण होता. टाका तिरका सुरू होऊन सरळ झालेला. मी तसाच सुरू करते.

शेडमधलं माझं पहिलं वर्ष मला आठवलं. एक दलाल पोत्यात घालून एक जुना हूड घेऊन आला होता. गाडी दाखवली नव्हती, म्हणाला नुसतं ह्याबरहुकूम शिवून द्या. पोत्यातून निघाल्या त्या चिंध्याच. मी त्या जमिनीवर जोडून मापं घेतली होती. अप्पांनी तांबूस कापड मुंबईहून मागवलं होतं. तो हूड ह्या गाडीचा होता आणि काकांना तो मूळचाच म्हणून विकला गेला होता.

आता काय काय बुडणार, हे मला एका श्वासात दिसलं. खरं सांगितलं तर आपला हात लागलेल्या गाडीचं मोल करायला अप्पा आले, असं होणार. लोक विचारणार, तुम्हाला तुमचंच काम दिसलं नाही? मग डोळ्यांचं बाहेर येणार. मग तीन वर्षांत ज्यांच्या गाड्यांचं मोल केलं ते सगळे येणार. शेडवर कोण येईल, माईंचं घर कसं चालेल, आणि मी. मला कोण कशाला ठेवील? मी अप्पांच्या हातात टॉर्च दिला.

त्या टॉर्चचं वजन मला आजही आठवतं. खोटं बोलायला तोंड लागत नाही.

अप्पांनी टॉर्च घेतला. दुसऱ्या हाताने सवयीप्रमाणे हूडच्या कडेवरून बोटं फिरवली. बोटं कोपऱ्याशी गेली, आत वळली आणि थांबली. त्यांचा अंगठा त्या त्रिकोणावर एकदा इकडून, एकदा तिकडून फिरला. आमच्या शेडमधल्या प्रत्येक हूडवरून तो तसाच फिरत असे. त्यांनी टॉर्च बंद केला.

"चंदे," ते म्हणाले, आवाज नेहमीचाच, "हा हूड कुणी शिवलाय?"

पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरवरून पाणी ठिबकत होतं. मला तेवढंच ऐकू येत होतं. पुण्यात येऊन शिकलेलं सगळं शुद्ध बोलणं पळून गेलं. "म्या शिवला, अप्पा. माहा हाय थो."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे हूड मूळचा नाही," अप्पा म्हणाले. "आमच्या शेडमध्ये शिवलेला आहे. गाडी न दाखवता शिवून नेला होता, पण ते आमचं आम्ही बघू. आणि दुसरं असं की हिला तो दिसला, मला दिसला नाही. मला दिसत नाही. तीन वर्षं झाली. हिच्या डोळ्यांनी बघतो. आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ह्या गाडीचं मोल मला आता करता येणार नाही. माफ करा."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "अहो, मी पण खोटा दात बसवतो, पण पेशंटला सांगून बसवतो! हे काय चाललंय?"

गॅलरीतून हाक आली, "अगं, काय झालं?"

बाई काही क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात खोटं उत्तर दिलेल्या मुलीकडे बघावं तशा. की खरं दिलेल्या, मला कळेना. मग त्यांनी मान वर केली. "काही नाही. तुमच्या हूडची आई सापडली."

"काय?"

"वर आले की सांगते. गोळी घ्या तुमची." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "अहो डॉक्टर, चिडून काय होणार? मला विकायचीय, तुम्हाला घ्यायचीय. अख्ख्या पुण्यात ह्या गाडीबद्दल खरं काय ते ह्या एका मुलीला माहीत आहे. खोटं बोलायचं असतं तर आत्ता गप्प बसली असती. हिलाच सांगू दे."

"मी?" मी म्हटलं.

डॉक्टरांनी खांदे उडवले. "सांगू दे. पटलं तर बघू." अप्पा एक पाऊल मागे सरले आणि माझ्या हातातली पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली.

आकडा माझ्या डोक्यात होता. सगळं मूळचं असतं तर चौदा लाख. अप्पा नि मी आदल्या दिवशी बसून, मुंबईच्या दोन लोकांना विचारून, तिथवर आलो होतो. आता हूडचे किती काढायचे? मला वाटलं, कमी काढले तर म्हणतील स्वतःच्या कामाची बाजू घेतली. आधीच चोर ठरलोय. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "बारा लाख."

डॉक्टर पटकन म्हणाले, "मान्य." फार पटकन. बाईंनी ओठ आवळले, पण शब्द दिला होता. "ठीक आहे. बारा." त्यांनी वरून चहा मागवला. कप आले, बशा आल्या. मी अर्धा कप प्यायले. अप्पांनी आपला कप हातात घेतला, गाडीशेजारच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाले, "निघतो आम्ही."

रिक्षात मी रडत होते. कर्वेनगर आलं. मला वाटलं, संपलं. पोटमाळ्यावरची वळकटी कशी बांधायची, स्टेशनवर कसं जायचं, हेच मनात चाललं होतं. शेवटी मला सुचलं ते एवढंच, "अप्पा, तुम्ही चहा नाही घेतला."

"मोल कुठे सांगून झालंय अजून?"

मला कळलं नाही.

"त्या पोत्यातला मूळ हूड तू बघितलेलास. कसा होता?"

"चिंध्या होत्या."

"त्या चिंध्या आज गाडीवर असत्या तर किती काढले असतेस?"

मी हिशेब केला. "दोन."

"आणि तुझा हूड आहे, चार पावसाळे काढलेत, गालिचा कोरडा आहे. त्याचे किती काढलेस?"

"दोनच," मी म्हटलं.

"म्हणजे तुझं काम आणि चिंध्या सारख्याच," अप्पा म्हणाले. "मी एक काढला असता. शिवण उत्तम आहे, हात फिरवला ना मी."

आपला हात लागलेल्या गाडीचं मोल करू नये, हा नियम लोभी माणसासाठी आहे असं मी तोवर समजत होते. भेदरलेल्या माणसालाही तो लागतो, हे मला त्या रिक्षात कळलं. माझ्या भीतीची किंमत त्या बाई भरणार होत्या; ज्यांनी चारचौघांत माझ्यावर विश्वास टाकला, त्याच.

"रिक्षा वळवायची का ते तू सांग," अप्पा म्हणाले. "माझं मोल नाही हे."

पहिल्यांदा खरं सांगताना जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आता वाटली. कारण पहिल्यांदा अप्पांनी विचारलं होतं. आता ठरवायचं माझं मला होतं. माझ्या तोंडून निघालं, "दादा, मागे घ्या."

डॉक्टर अजून गाडीत बसलेले होते, हूड उघडून, स्टिअरिंगवर हात ठेवून. मी त्यांच्याशी बोलले नाही, बोलू शकलेच नसते. बाईंसमोर उभी राहिले. "बाई, मी चुकले. तेरा. हूड माझा आहे म्हणून मी जास्त काढले. तो चांगला आहे. गळत नाही."

"वा!" डॉक्टर म्हणाले. "रिक्षा फिरली की लाख वाढतात का?"

"एकदाच बोलायचं असतं, हे मला माहीत आहे," मी म्हटलं. "नाही पटलं तर नका घेऊ. पण बारा चुकीचं आहे."

डॉक्टर उतरले. हूडच्या कोपऱ्याशी गेले, आत हात घालून त्यांनी तो त्रिकोण चाचपला, बराच वेळ, दाढ तपासावी तसा. मग म्हणाले, "ह्याचं पुढे काही झालं तर शिवून कोण देणार?"

"मीच."

"लिहून द्या. तेरा."

कट्ट्याकडे बघून बाई म्हणाल्या, "अप्पा, तुमचा चहा तसाच आहे. नवा करते."

"नको," अप्पा म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. तो कपाच्या बाजूला, हवेत गेला, आणि आता लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून मी सगळ्यांदेखत तो धरून कपावर नेला. चहावर जाड साय धरली होती. त्यांनी तो बशीत ओतला आणि गार झालेला, सगळा, निवांत प्यायला.